मेंढीएवढा उंदीर

५ जानेवारी
दिवसभर माती धुतली. इथं कच्छात पाणी टँकरचं, तेही खारं — हात फुटलेत. चाळणीत शेवटी उरतो राजगिऱ्याएवढा दात. उंदराचा! लई जुना, दगड झालेला. याच्यासाठी पाचोड सोडलं. मेंढरांमागं हिंडायचा कंटाळा होता ना, हिंड आता!

९ जानेवारी
मायचा फोन. माझ्या मेंढ्यांना यंदा सहा कोकरं. बारशाला आबानं एक मेंढी माझ्या नावानं सोडली होती, तिचाच हा वंश. कान कापायला ये म्हणली. आमच्यात ज्याचं जितराब त्यानंच खूण करायची — माझी डाव्या कानाला दोन खाचा. आबानं फोन घेतला नाही. मागून आवाज तेवढा आला, "मेंढरं गंगथडीला, गोदेकाठी चरायला निघायच्या आत आला तर ठीक. नायतर नाय."

१० जानेवारी
हे जुने दात शोधणाऱ्या साहेबांना रजा मागितली. पोती संपली की जा म्हणले. मातीची पोती छपराला टेकलीत.

१७ जानेवारी
चहाला साहेब सांगत होते. उंदराची ही जात मूळची आशियातली. तिथून आफ्रिकेत गेली. मग पुरात झाडं उन्मळून समुद्राला लागली, त्यांवर बसलेले वाहत वाहत दक्षिण अमेरिकेला पोचले. कोट्यवधी वर्षं झाली. तिथं त्यांच्या नाना तऱ्हा झाल्या — कुणाला काटे आले, कुणी झाडावर गेलं, एक तर मेंढीएवढा झाला, पाण्यात राहतो, गवत खातो! मी म्हणलं, "साहेब, त्याची लोकर निघती का?" लई हसले. मग विचारलं, परत कुणी आलं का.
"आला असता तरी इथल्या उंदरानं ओळखला नसता, सांडू."
तेव्हापासून तेच डोक्यात. ते उंदीर तरी झाडावर नुसते बसले होते, झाडच तुटलं. मी तर माझ्या पायानं संभाजीनगरला जाऊन गाडीत बसलो.

२४ जानेवारी
धाकटा सोन्या फोनवर. "दादा, मेंढरू धरता येतं का अजून, का नुसते दातच येचतो?" हसलो. फोन ठेवल्यावर हसू राहिलं नाही.

२ फेब्रुवारी
लवकर उरकावं म्हणून चाळणी जोरात हाणली. दात फुटला. साहेबांनी तुकडे येचून कागदात बांधून ठेवले — तेच जास्त लागलं.

३ फेब्रुवारी
पोती सरत नाहीत.

११ फेब्रुवारी
मायचा फोन. मेंढरं काल गंगथडीला निघाली. माझ्या कोकरांचे कान सोन्यानं कापले. उजवे — त्याची खूण.
संध्याकाळी साहेब म्हणले, पोती संपली, जा आता घरी.