स्कूटर न येणाऱ्या वैमानिक बाईंचे मृत्युपत्र

मी, मनोरमा प्रभाकर देवपुजारी, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर आणि खाजगी वैमानिक, राहणार इंद्रपुरी, भोपाळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकू शकणारे एकमेव गृहस्थ, म्हणजे माझे यजमान, भाजी आणायला बिट्टन मार्केटला गेले आहेत आणि कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद झाल्याशिवाय ते परतत नाहीत. माझ्या प्रकृतीबद्दलही कोणी शंका काढू नये. विमान चालवण्यासाठी लागणारी डॉक्टरी तपासणी मी गेल्याच आठवड्यात पास झाले आहे.

वकीलसाहेब म्हणाले, हिंदीत लिहा, कचेरीत सोपे जाईल. मी म्हटले, माझा राग आणि माझी माया दोन्ही मराठीतच येतात, तुम्ही भाषांतर जोडा. त्यांनी दिलेल्या मसुद्यातले 'सदरहू' मी ठेवले आहे, कारण तो शब्द मला आवडतो.

कलम १. इंद्रपुरीचे सदरहू राहते घर आमच्या दोघांच्या नावावर आहे. माझा हिस्सा यजमानांना हयातभर राहण्यासाठी आणि त्यांच्या पश्चात चिरंजीव मिलिंद व सून सुरुची यांना समान मिळावा. गच्चीवरची जुनी लोखंडी खुर्ची कोणी भंगारात देऊ नये. त्या खुर्चीत बसून यजमान आकाशाकडे बघत असतात आणि विचारले तर 'टाकी भरली का ते पाहत होतो' असे सांगतात.

कलम २. बँकेतल्या ठेवी यजमानांना. दागिने सुरुचीला. ती या मृत्युपत्राची व्यवस्थापक राहील, कारण आमच्या घरात कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचणारी तीच एक आहे.

कलम ३. कोलार रोडवरची माझ्या नावावरची जागा, जिच्यावर मिलिंदची रोपवाटिका उभी आहे, ती संपूर्णपणे मिलिंदची. ही रोपवाटिका कशी झाली, हे नातेवाइकांत उलटसुलट सांगितले जाते, म्हणून खरे काय ते इथे नोंदवते.

मिलिंद वीस वर्षांचा असताना यजमानांनी त्याला वैमानिक करायचे ठरवले. यजमान पाटबंधारे खात्यात अभियंता. सगळी हयात धरण, कालवा, चिखल. मुलाने तरी वर जावे, असे त्यांना फार वाटे. फ्लाइंग क्लबात नाव घातले आणि त्याच संध्याकाळी अर्ध्या कॉलनीत पेढे वाटले. मिलिंद मला म्हणाला, "आई, तू चल ना माझ्याबरोबर." मला वाटले, नवीन जागा आहे, बुजला असेल. माझी ड्यूटी दुपारची होती, म्हणून सकाळी मी जाऊ लागले. हँगरबाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसायचे.

पोर रोज वर जायचे आणि पांढरे पडून खाली यायचे. पोटात काही राहत नसे. वडिलांना मात्र घरी सांगायचे, "मस्त झालं, बाबा." एका सकाळी तो विमानातून उतरला तो थेट हँगरमागे जाऊन बसला. मी मागोमाग गेले. ओला रुमाल तोंडावर धरून म्हणाला, "आई, मला नाही जमत गं. मला वर गेलं की फक्त खाली यायचं असतं. पण बाबांना कोण सांगणार?"

"मी सांगते," मी म्हटले.

तेवढ्यात त्याचे शिक्षक कॅप्टन गोविंद दुबे आले. त्यांनी मिलिंदला लिंबूपाणी दिले, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मैडम, आप रोज़ बैठी रहती हैं. इंजन अभी गरम है. चलिए, एक चक्कर लगा दें."

मी गेले. का गेले ते मला आजही सांगता येत नाही. विमान धावले, खालचा खडखडाट एकदम थांबला, आणि मी हसायला लागले. भीतीने नव्हे. हसूच आवरेना. बडा तालाब एका बाजूला कलला, कारखान्याच्या शेडी काडेपेटीएवढ्या झाल्या. कानांवर हेडसेट होता आणि त्यात टॉवरचा माणूस बोलत होता. ट्रंक कॉलच्या दिवसांत मी वर्षानुवर्षे असाच हेडसेट लावून बसत असे. भोपाळ ते नागपूर, भोपाळ ते कलकत्ता, लोकांना लांबलांबच्या गावांशी जोडून देत असे आणि स्वतः त्याच स्टुलावर. आता आवाज तसाच कानात होता, पण जात होते मी.

त्या रात्री जेवताना मी यजमानांना सांगितले, "मिलिंदला उडायचं नाही. त्याला सोसत नाही. तो तुमच्या तोंडाकडे बघून गप्प आहे."

त्यांनी आमटीची वाटी उचलून एक घोट घेतला. मग म्हणाले, "मग आता कोण उडणार? नाव तर घातलंय."

"मी."

त्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली. "मनोरमा," ते म्हणाले, "तुला स्कूटर येत नाही."

हे खरे होते. आजही येत नाही. मिलिंदला मात्र येत होती, म्हणून दुसऱ्या दिवसापासून तो मला मागे बसवून क्लबात नेऊ लागला आणि माझ्या बाकावर डबा घेऊन तो बसू लागला. कंटाळा घालवायला त्याने क्लबाच्या कुंपणाशी झेंडू लावला, मग सदाफुली, मग मोगरा. आज अर्धे भोपाळ त्याच्याकडून रोपे नेते. एवढीच ती हकीकत. मुलगा नापास झाला म्हणून आई गेली, असे कोणी म्हणू नये. आम्ही दोघांनी जागा बदलल्या, आणि दोघेही बरोबर जागी बसलो.

कलम ४. माझा हिरवा हेडसेट घरातला किंवा कॉलनीतला जो कोणी स्वतःहून मागेल, त्याला द्यावा. मागणारी बाई असेल तर तिचे वय विचारू नये. मात्र तो कोणाच्याही डोक्यावर जबरदस्तीने चढवू नये. कोणी मागितलाच नाही तर कपाटात राहू द्यावा. तो काही खायला मागत नाही.

घेणाऱ्याने हे समजून घ्यावे, की रेडिओवर बोलणे मला पहिल्या दिवसापासून आले, पण विमान उतरवणे येता येईना. धावपट्टी जवळ आली की मी घाबरून नाक वर ओढायचे आणि विमान धपकन आपटायचे. माझ्यामागून आलेली पोरे एकटी उडू लागली, मी अजून आपटतच होते. क्लबातले मेकॅनिक मला बघून चाकांची विचारपूस करायचे. एकदा मी उतरून कॅप्टन दुबेंना सांगितले, "सर, रहने दीजिए. उम्र हो गई है मेरी."

ते म्हणाले, "उम्र का सवाल नहीं है. आप ज़मीन से झगड़ा करती हैं. झगड़िए मत. उसे आने दीजिए."

मी पुन्हा बसले. आणखी पुष्कळ दिवस आपटले. मग एका सकाळी, वारा अजिबात नसताना, त्यांनी धावपट्टीच्या कडेला विमान थांबवायला सांगितले, दार उघडले आणि खाली उतरले. "मैं ज़रा चाय पीता हूँ. आप एक चक्कर लगाकर आइए."

शेजारची सीट रिकामी होती. विमान एवढे हलके झाले की पटकन उचलले गेले. वर मी एकटी, आणि बोलायला कोणी नाही, म्हणून स्वतःशीच मोठमोठ्याने मराठीत बोलू लागले: "मनोरमा, लांब बघ. खाली बघू नको. येऊ दे, येऊ दे तिला." आणि जमीन आली. एकदा विमान टुणकन उडाले, मग बसले, आणि बसूनच राहिले. मिलिंद कुंपणावरून उडी टाकून धावत आला. क्लबाच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी माझ्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतले. मी तशीच निथळत स्कूटरच्या मागे बसून घरी आले.

जेवणाच्या त्या रात्रीपासून यजमान माझ्याशी उडण्याबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी दारात बघतच राहिले. "पाऊस कुठे झाला?" त्यांनी विचारले.

"फक्त माझ्यावर झाला," मी म्हटले. त्यांनी आतून पंचा आणून दिला.

कलम ५. माझा भोपाळ परिसराचा हवाई नकाशा यजमानांनाच मिळावा, कारण त्यावरच्या पेन्सिलीच्या रेघा त्यांच्या आहेत. दिशाशोधनाच्या पेपरात मी एकदा नापास झाले होते. घरी टेबलाशी बसून याच नकाशावर वाऱ्याचा त्रिकोण, म्हणजे वारा विमानाला किती ढकलेल त्याचा हिशोब, काढत होते. यजमान वर्तमानपत्राआडून बघत होते. शेवटी त्यांना राहवले नाही. "अगं, वाऱ्याची रेघ आधी!" म्हणत त्यांनी माझ्या हातातून पेन्सिल काढून घेतली. त्यांनी उभा जन्म नकाशे वाचले होते. पेपर पास झाले, लायसन्स हातात आले, त्याला चौकट त्यांनीच करून आणली. पण विमानात बसा म्हटले की, "मी जमिनीवरचा माणूस आहे," एवढेच उत्तर.

त्यांनी बेरसियाच्या बाजूला एक लहान धरण आणि त्याचा कालवा बांधला होता. खात्यातले वरिष्ठ म्हणत, कालव्याच्या शेपटाला पाणी पोचतच नाही. हे म्हणत, पोचते. तो वाद ते घरी येऊन भिंतीशी घालायचे. एका जानेवारीत मी म्हटले, "अहो, भिंतीला काय सांगता? चला, वरून बघू."

ते आले. मफलर, कानटोपी, हातात खात्याचा घडीचा नकाशा. उड्डाण होईपर्यंत डोळे मिटलेले. धरणावर आलो तेव्हा मी हाक मारली, तसे त्यांनी डोळे उघडले. इतकी वर्षे त्यांनी ते काम तुकड्यातुकड्याने पाहिले होते, आज इथली मोरी तर उद्या तिथला दरवाजा. आता सगळा कालवा एका नजरेत खाली पसरला होता आणि दोन्ही अंगांना गहू हिरवागार. मी कालव्याच्या कडेकडेने विमान नेत राहिले. वळण आले, गाव गेले, हिरवे संपेना. शेवटच्या शेतावर आल्यावर ते हेडसेटमध्ये एवढ्याने ओरडले की माझे कान बधिर झाले. "पोचलंय! मनोरमा, शेवटपर्यंत पोचलंय गं!"

मी त्या शेताला एक घिरटी घातली. मग त्यांनी मागितली म्हणून आणखी एक. परतीच्या वाटेवर ते एकसारखे बोलत होते, टॉवरशी बोलायला मला फटच मिळेना. तेव्हापासून उजवी सीट त्यांची. माझ्या मागे त्यांनी घरात बसून राहू नये. महिन्यातून एकदा तरी क्लबात जाऊन चहा प्यावा आणि कोणी वर नेत असेल तर नाही म्हणू नये.

कलम ६. पहिल्या तपासणीच्या वेळी माझ्याकडे आणि मिलिंदकडे आळीपाळीने बघून "कैंडिडेट कौन है?" असे तीनदा विचारणाऱ्या डॉक्टरांना माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये.

कलम ७. माझ्या अस्थी विमानातून उधळण्याची कल्पना मिलिंदच्या डोक्यात आहे, असे सुरुचीकडून कळले. तसे करू नये. मी विमानात सामान म्हणून कधी गेले नाही. नर्मदेत, होशंगाबादच्या घाटावर, गाडीने जाऊन विसर्जन करावे, आणि येताना वाटेत सगळ्यांनी जेवून यावे.

कलम ८. माझी मोरपंखी पैठणी. ही माझ्या धाकट्या नणंदेला, अवधपुरीच्या वैजयंतीला, फार वर्षांपासून हवी आहे. परंतु मी लायसन्स घेतले त्या साली संक्रांतीच्या हळदीकुंकवात, भरल्या घरात, ती म्हणाली होती, "आमच्या वहिनी आता घारीसारख्या फिरतात, घरचं कोण बघतं देव जाणे." मी ते विसरले नाही. वकीलसाहेब सांगतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. म्हणून मी मुद्दाम तिला साक्षीदार केले आहे.

इथवर मी सकाळी लिहिले होते. पुढचा मजकूर साक्षीदार आल्यावर लिहीत आहे, खाडाखोड नाही.

वैजयंतीने हे कलम वाचले. मला वाटले, पाय आपटत निघून जाईल. ती चष्मा काढून पुसत बसली. मग म्हणाली, "वहिनी, पैठणी राहू द्या. तेव्हा मला तुमचा हेवा वाटला होता, दुसरं काही नाही. एवढ्या वर्षांत मला एकदाही विचारलं नाहीत, की वैजू, येतेस का म्हणून."

"तू येशील असं वाटलंच नाही," मी म्हटले.

"मग आता विचारा."

मी विचारले. ती हो म्हणाली आणि लगेच रडली. दुसरे साक्षीदार कॅप्टन दुबे यांना मराठी समजत नाही. यजमानांनी त्यांना सगळे हिंदीत सांगितले, तेव्हा त्यांनी खिडकीतून आकाश बघून हवामान चांगले राहील असा निर्वाळा दिला. पैठणी मी आत्ताच, हयातीत, वैजयंतीच्या मांडीवर ठेवली आहे, सबब ती या मृत्युपत्रातून वगळण्यात येत आहे. उजव्या सीटचा एक दिवस सोडायला यजमान राजी झाले आहेत. त्यांना थोडे जड गेले.

सदरहू मृत्युपत्र माझ्या मृत्यूनंतरच अमलात येईल. त्याची कोणी घाई करू नये. रविवारी सकाळी मला नणंदेला घेऊन वर जायचे आहे.

सही: मनोरमा प्रभाकर देवपुजारी

लिहून देणारीने आमच्यासमोर, हसत, सही केली व आम्ही तिच्यासमोर केली.

साक्षीदार १: गोविंद दुबे (सही हिंदीत)
साक्षीदार २: वैजयंती यशवंत पांढरीपांडे, अवधपुरी

ठिकाण: इंद्रपुरी, भोपाळ
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार