कपाट उतरेल तर येईन

३ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितेय. डॉक्टरांनी जिने बंद करायला सांगितले, हे खरं. मी तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, हेही खरं. परवा पायरीवर तोल गेला आणि पिशवीतले बटाटे माझ्याआधी खाली पोचले, हे तुला वकीलसाहेबांनी कळवलंच असणार. राहतात दुसऱ्या मजल्यावर, पण कान कायम माझ्या घरात.

‘माझं घर तळमजल्यावर आहे, तिथे कायमची राहायला ये’, असा तुझा धोशा. येईन की! पण कपाट उतरेल तरच. तुझ्या आतोबांनी स्वतःच्या हातांनी केलेलं कपाट टाकून मी कुठेही यायची नाही. सामान हलवणारी माणसं आली, जिन्याचं वळण बघितलं आणि पाणीसुद्धा न पिता गेली. तेव्हा विषय संपला.

तुझं काय चाललंय? मोठ्या माणसांना खेळ बनवायचा पगार देतं तरी कोण?

तू तोंडाळ असलीस तरी लोभ आहे, तो राहीलच.

तुझी,
आत्या

९ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

विषय संपायला तो काय साबण आहे?

ऐक. आमच्या नव्या खेळात दोघांनी मिळून घरचं सामान जिन्यातून खाली न्यायचं असतं. माझं काम म्हणजे प्रत्येक वस्तूला वजन द्यायचं, ती किती घसरेल, किती उसळेल ते ठरवायचं. पुढचं संगणक बघतो. सोफा पडतानाचं चित्र कुणी काढत नाही, तो आपला आपण पडतो आणि कुठे अडकायचं तिथे अडकतो. मग म्हटलं, आत्याचा जिना आणि आत्याचं कपाट का नको?

काल आठवणीवरून दोन्ही उभी केली. घाईत कपाट निम्मं भिंतीत ठेवलं गेलं. दोन वस्तू अशा एकमेकींत घुसल्या की संगणक त्यांना धाडकन दूर ढकलतो. तुझं कपाट छप्पर फोडून आभाळात गेलं, ते अजून खाली आलेलं नाही. आमच्या साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी उगाचच पेन शोधायला टेबलाखाली वाकले.

तेव्हा नीट मापं पाठव. कपाट उतरतं हे दाखवल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. तू पुन्हा पडलीस तर मला किती वेळाने कळेल, या विचाराने माझं कामात लक्ष लागत नाही.

रागाव, पण लोभ तेवढा शाबूत ठेव.

तुझी,
भिंगरी

१५ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस अनेक आशीर्वाद.

मापं मागच्या पानावर आहेत. टेपचं एक टोक वकीलसाहेबांनी धरलं आणि दर आकड्याला हरकत घेतली, म्हणून दुपार गेली. पण बोटभरसुद्धा इकडचं तिकडे नाही.

कपाट आकाशमार्गे नेणार असशील तर मलाही त्यातच बसव, गुडघ्याचा प्रश्न कायमचा मिटेल. आणि टेबलाखाली वाकताना कंबर सांभाळ, आपल्या घराण्यात सांधे कच्चे आहेत.

लोभाची काळजी नको, जेवणाची कर.

तुझी,
आत्या

२४ फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझ्या मापांनी जिना बांधला आणि कपाट वळणावर फसलं ते फसलंच. पुढे नाही, मागे नाही, थंडी भरल्यासारखं नुसतं थडथडत होतं. सगळ्या कचेरीने कामं टाकून जोर लावला. हिशेब बघणाऱ्या बाई तर खेळात कपाटासकट गडगडल्या आणि पुन्हा हट्टाने वर गेल्या. साहेब म्हणाले, असंच ठेवलंस तर खेळणारे रडकुंडीला येतील.

मग आम्ही नेहमी करतो ते केलं. पडद्यावर दिसणारं कपाट वेगळं आणि भिंतीला लागणारं वेगळं असतं. लागणारं अदृश्य असतं, ते मी जरा बारीक केलं. दिसणाऱ्या कपाटाचा कोपरा भिंतीत किंचित घुसतो, पण कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि आत्या, उतरलं गं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तर रडूच आलं.

शनिवारी माणसं पाठवतेय. मागची खोली झाडून ठेवली आहे. आता एकही सबब चालणार नाही.

लोभ घेऊनच ये.

तुझी,
भिंगरी

३ मार्च

चि. भिंगरी हिस अनेक आशीर्वाद.

कपाट वळणावर अडकलं आहे.

देखरेख करायला मी काठी टेकत आधीच खाली उतरले होते. आता घर वर, मी खाली आणि मध्ये कपाट. माणसांनी हात टेकले आणि निघून गेली. वकीलसाहेबांचं दार नेमकं वळणावरच. ते आतून ओरडताहेत की ही बेकायदा अटक आहे. त्यांना पाव दोरीने पोचवतो. मी तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंकडे राहतेय.

आता खरं सांगते. ते कपाट जिन्यातून वर गेलंच नव्हतं. तुझ्या आतोबांनी फळ्या वर नेऊन खोलीतच जोडलं होतं. ते उतरणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ती अट घातली! मला तुझ्याकडे यायची भीती वाटत होती गं. तू दमून घरी यायचीस आणि मी समोर गुडघा घेऊन बसलेली. चार दिवस कौतुक, पाचव्या दिवशी अडचण.

मग तुझं ते ‘उतरलं गं’ वाचलं. खरं कपाट काही बारीक व्हायचं नाही, हे मला कळत होतं. तुला कसं कळलं नाही? मनात म्हटलं, पोरगी मला न्यायला इतकी उतावीळ झाली आहे की तिला भिंतसुद्धा दिसेना. मग माझ्याच्याने नाही म्हणवेना. माणसांना येऊ दिलं.

आज सुतार आला. पहिली करवत फिरली तेव्हा मी रडले, खोटं कशाला सांगू? वरून वकीलसाहेब मात्र लवकर आटपा म्हणून ओरडत होते.

सोमवारी फळ्या घेऊन येतेय. सुताराला सांगून कपाट तुझ्या मागच्या खोलीतच जोडू. तिथून ते पुन्हा कधी बाहेर काढायचं नाही, आणि मलाही.

तोवर लोभ असू दे, बाकी समोरासमोर.

तुझी,
आत्या