सात नंबरचे बूट

प्रिय बगळे,

पेन्सिलीनं लिहितेय. शाई तिकडच्या दमट हवेत पसरते आणि चार ओळींचा एक डाग होतो, हे तुझ्या पहिल्या खेपेला मीच तुला सांगितलं होतं. पत्र झिपच्या पिशवीत घातलंय आणि पिशवी स्वेटरच्या घडीत. म्हणजे आत्ता तू भिजून, कुडकुडत तंबूत बसली आहेस. एवढ्या उकाड्याच्या बेटावर स्वेटर कशाला, म्हणून दर खेपेला माझी टर उडवतेस आणि दर खेपेला पहिल्याच आठवड्यात एका ओल्या संध्याकाळी तो मुकाट अंगात चढवतेस. आधी तो घाल. मग पुढचं वाच.

बावीस वर्षं झाली मला या केंद्राच्या कोठीत. बेटांवर जाणाऱ्या प्रत्येक तुकडीचं सामान मी भरते, आणि मी स्वतः धक्क्याच्या पुढे पाऊल टाकलेलं नाही. तू चिखलात एका पायावर तासन्‌तास उभी राहून पक्षी मोजतेस म्हणून मी तुला बगळी म्हणायला लागले आणि तू मला कोठी. जीन्स नेऊ नये, ती आठवडाभर वाळत नाही. पातळ, पूर्ण बाह्यांचे फिक्या रंगाचे सदरे न्यावेत. टोपीला दोरी हवीच. बॅटऱ्यांची टोकं चिकटपट्टीनं झाकावीत. मेमरी कार्डांच्या डबीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात. हे सगळं मला कसं कळलं? परत आलेल्या बॅगा उपसून. कुठे काय कुजलं, काय गंजलं, कशाला हातही लागला नाही, ते बघून बघून. बेट मी असं वासावरून ओळखते. आणि तू दर वेळी परत आलीस की चहा पिता पिता म्हणायचीस, कधीतरी तुला नेणार बघ, तुझ्याशिवाय मला तिथे करमत नाही. मी खरं मानत गेले. कशाला नाही मानणार?

या खेपेला चार महिन्यांची मोठी गणना, आणि बेटावर सामान, सौर पत्रे, बॅटऱ्या यांच्याकडे बघायला पहिल्यांदाच एक जागा निघाली. मी तुला काही विचारलं नाही. विचारायला लागावं असं आपल्यात काही होतं, हे मला माहीतच नव्हतं. मग तुझ्या अक्षरातली मापांची चिठ्ठी आली. बॅग एक, तुझी, ती मला पाठ आहे. बॅग दोन: स्त्री, बूट सात नंबर, सदरे मोठ्या मापाचे. नाव नाही. नाव असणारच नव्हतं. बॅगेवर फक्त क्रमांक घालायचा हा नियम मीच केलेला, कारण ऐन वेळी माणसं बदलतात आणि एकाचा चष्मा दुसऱ्याबरोबर जातो. पण सात नंबरचा बायकी पाय अख्ख्या केंद्रात माझाच, असं मी धरून चालले. माझ्या पायांना दोन होड्या कोण म्हणतं गं? तूच ना?

मग काय, बाई हवेतच. तीन आठवडे मी बॅग दोन भरली ती स्वतःची म्हणून. माणशी वीस किलोच्या वर बोटवाला घेत नाही, तर मी ग्रॅम ग्रॅम वाचवले. टूथब्रशचा दांडा अर्धा कापला. जास्तीचा चष्मा, गुडघ्याचं तेल, लेकीचा फोटो, सगळं कापसात गुंडाळून ठेवलं. घरी पलंगावर मच्छरदाणी लावून झोपायचा सराव केला. आमचे हे म्हणाले, आता फक्त पंख्याला नारळ लटकवायचे राहिलेत. लेकीनं चार महिन्यांच्या स्वयंपाकाच्या पाळ्या लिहून फ्रिजवर लावल्या. जाऊबाईंना सांगितलं, शेजारणीला सांगितलं, शिंपीणबाईंना तर दोनदा सांगितलं.

आणि बूट. कोरे बूट बेटावर पाठवायचे नाहीत, प्रवाळावर चालताना टाच सोलून निघते. म्हणून ज्याचे त्याने आधी घालून मऊ करायचे. मी बॅग दोनचे बूट रोज घातले. कोठीत, घरात, जिन्यावर. फोड आले, त्यांवर पट्ट्या लावल्या, पुन्हा घातले. तू रोज सामान बघायला यायचीस. त्या मंगळवारी मी मुद्दाम तुझ्यासमोर ऐटीत चालून दाखवलं. तू माझ्या पायांकडे बघितलंस आणि म्हणालीस, "अजून दोन दिवस घाल, टाच अजून कडक वाटते."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. बाकीचं सगळं एखाद्या दिवशी विसरेन, पण हे नाही.

शुक्रवारी दुपारी संगणक विभागातली ती नवी उंच मुलगी कोठीत आली. बॅग दोनची मापं एकदा बघून घे असं तू तिला सांगितलं होतंस म्हणाली. मला आधी वाटलं, पोरगी चुकली. तिनं खुर्चीवर बसून बूट चढवले, दोन पावलं टाकली आणि चेहरा खुलला. किती मऊ आहेत हो, अगदी माझ्याच पायाचे झालेत, म्हणाली. मी खाली वाकून तिच्या नाड्या बांधल्या. ती गेल्यावर त्या बॅगेतून माझा चष्मा, तेल आणि फोटो काढून घेतला, आणि कोठीचं दार आतून लावून रडले. एवढी मी बाबा गेले तेव्हा रडले होते, आणि तेव्हा तू शेजारी होतीस.

शनिवारी साहेबांकडे गेले. म्हटलं, माझी पात्रता कमी पडली असेल तर तसं सांगा, मी ऐकून घेईन. साहेब गोंधळले. अहो, तुम्हीच नाही म्हणालात ना, म्हणाले, आणि फाईल उघडून तुझी चिठ्ठी समोर ठेवली. कोठीच्या बाईंना घरच्या अडचणीमुळे येणं शक्य नाही, त्यांनीच कळवायला सांगितलं आहे. तेच अक्षर, जे बघून मी तीन आठवडे नाचत होते. तू मला वगळलं असतंस तर मी चार दिवस फुगून बसले असते आणि पाचव्या दिवशी चहा टाकला असता. पण माझा नकार तू माझ्या वतीनं देऊन टाकलास. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

बाहेर येताच तुला फोन केला. तू म्हणालीस, "अगं, तू तिकडे आलीस तर इथून बॅगा कोण भरणार?" तेही अशा आवाजात, की जणू मीच लहान मुलीसारखा हट्ट करतेय. बावीस वर्षांचं मैत्र, आणि तुझ्या लेखी मी म्हणजे बॅग भरणारं माणूस. मी फोन ठेवला. तुझी तीन वेळा रिंग आली, ती वाजू दिली.

आता एक कबुली देते. शनिवारी कोठी बंद करताना तुझ्या बॅगेतली सौर पत्र्याची जोडवायर मी पर्समध्ये टाकली. बोटाएवढी वायर. ती नसली की सॅटेलाइट फोन, दुर्बिणीचा कॅमेरा, दिवा, सगळं चौथ्या दिवशी मेलं असतं, आणि यादीवर माझी बरोबरची खूण तशीच राहिली असती. घरी जाऊन ती टेबलावर ठेवली आणि बघत बसले. ह्यांनी विचारलं काय आहे, तर म्हटलं काही नाही, कोठीतलं आहे. पण त्या फोनवर ती मुलगीही अवलंबून असणार. तिला यातलं काही ठाऊक नाही, तिला कृपा करून काही बोलू नकोस. आणि माझ्या हातची बॅग आजवर एकदाही अपुरी गेलेली नाही. ते तुझ्यासाठी मी मोडणार नाही. आज रविवार असून कोठी उघडली आणि वायर जागच्या जागी ठेवली. तिच्या बॅगेत माझ्या वस्तू काढून सहाशे ग्रॅम मोकळे झाले होते, तिथे पॅड आणि मीठ-साखरेची जादा पाकिटं भरली. उद्या सकाळी बोट सुटेल. मी धक्क्यावर येणार नाही, हे तुला तेव्हा कळलंच असेल.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगते. शनिवारी साहेबांच्या खोलीतून उठण्याआधी मी एक गोष्ट मागितली. आठव्या आठवड्यात रसदीची बोट येते, तिच्याबरोबर कोठीचं माणूस जावं आणि उरलेला काळ तिथेच राहावं. साहेबांनी माझ्यासमोर कागद केला आणि मला वाचून सही करायला लावली. माझी सही, माझ्या हातानं. तेव्हा आठव्या आठवड्यात मी येतेय. तोंडावर विचारलं की तू रडतेस, तू रडलीस की मी विरघळते, आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. आजवर असंच चालत आलंय. म्हणून आधी कळवतेय. तुझ्याकडे आठवडे आहेत, उत्तर तयार ठेव. बोट दिसली की पाण्यात धावत येऊ नकोस. माझी बॅग मी आजच भरायला घेतली. क्रमांक घातला नाही, मोठ्या अक्षरांत नाव लिहिलंय, आणि ते पुसू नये म्हणून वरून चिकटपट्टी लावली आहे. सात नंबरचे बूट नवे घेतलेत, तेच घालून हे लिहितेय. टाच कडक आहे.

तुझीच म्हणवत नाही सध्या, पण तुझी बॅग शेवटची भरलेली,
कोठी