मार्थाबाईंनी लावलेलं कुंकू

सालमिया, कुवेत
१४ मार्च २००१

तीर्थस्वरूप आईंना, सुनंदाचा वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे. तुम्ही दिलेलं कुळथाचं पीठ आणि आमसुलं अशरफभाईंनी नीट पोचवली. त्यांच्याच हाती मलम पाठवतेय. ते तुमच्या गुडघ्यालाच लावा, शेजारणींना वाटत बसू नका.

अक्षयभावोजींचं लग्न ठरल्याचं वाचून फार आनंद झाला. येणार का म्हणून विचारलंत. ते शेवटी सांगते. आधी आमच्या मार्थाबाईंचं ऐका.

मी जिच्याकडे स्वयंपाक करते ती अमेरिकन बाई दिवसभर करते तरी काय, असं तुम्ही नेहमी विचारता. माणसांचे चेहरे रंगवते. तिच्या वडिलांचं न्हाव्याचं दुकान होतं. तिथे खुर्चीतल्या गिऱ्हाइकांची चित्रं काढत शिकली. नवऱ्याबरोबर इथे आली, तो गेला तरी राहिली. बड्या घरच्या बायका-मुलं तिच्यासमोर बसून गेली. मग इराकच्या लढाईत तिला पळावं लागलं, मागे घर लुटलं गेलं, सगळी चित्रं गेली. परत येऊन तिने आधी काय काढलं, तर लढाईतून न परतलेली मुलं! त्यांच्या आया पासपोर्टचा एवढासा फोटो घेऊन यायच्या.

आता हात कापतो, म्हणून ती कायमची मायदेशी निघालीय. शेवटचं चित्र माझं काढायचं म्हणाली. मी म्हटलं, "बाई, आमच्यात मोठी तसबीर मेल्यावर लागते."

"मग तू जिवंतपणी लावून दाखव," म्हणाली.

बसले, पण हसू काही येईना. म्हणून तिने माझ्या लग्नातला फोटो मागून घेतला. त्यातलं हसू उचललं आणि त्याबरोबर कपाळावरचं कुंकूही.

तिची एक रीत आहे. चित्र झालं की ज्याचं त्याला विचारते, यातलं काय पुसू? कुणी मस पुसायला सांगतं, कुणी दुहेरी हनुवटी. मी कुंकवाकडे बघतच राहिले. तिच्या ते लक्षात आलं. हातात फडकं घेऊन म्हणाली, "हे पुसू का?"

आई, हे गेले तेव्हा माझं कपाळ पुसलं, त्या बायकांत तुम्हीही होतात. पुसताना तुम्ही तोंड फिरवलं होतंत, मला आठवतंय. पण विचारलं कुणीच नाही. आणि ही परकी बाई फडकं धरून माझ्या उत्तरासाठी थांबली होती. मी खूप रडले. मग म्हटलं, "राहू दे."

तेव्हापासून रोज टिकली लावते. यांना विसरले म्हणून नव्हे. यांना ती फार आवडायची.

लग्नाला येईन, पण टिकली लावून, आणि स्वयंपाकघरात नाही, मांडवात बसेन. चालणार नसेल तर तसं कळवा. वाईट वाटेल, पण टिकली काढणार नाही. चित्रही आणतेय. त्याला हार घालायला धावू नका म्हणजे झालं!

टिकल्यांचं एक पाकीट तुमच्यासाठीही घेतलंय. लावायलाच हवी असं नाही. पण मामंजी गेले तेव्हा तुम्ही माझ्याच वयाच्या होतात. तुम्हाला तरी कुणी विचारलं होतं का, आई?

मी विचारतेय.

तुमचीच सून,
सुनंदा