शिवलेली शेवटची पानं

बाबा, शिवायचंच होतं तर नीट तरी शिवायचं. हे असे लांब लांब, ढिले टाके तुमच्या हाताचे नव्हेत, आणि त्या टाक्यांपायी आज माझा जीव टांगणीला लागला आहे. तुम्ही सुटलात. इथे माझी धाकटी तापाने अंथरुणाला खिळली आहे, डॉक्टर रविवारपर्यंत वाट पाहा म्हणून गेले, आणि पोरीला औषध नको, पेज नको, तुमच्या त्या पुस्तकाचा शेवट पाहिजे.

आजारी पडायच्या आधी तिनेच ते माझ्या पेटीच्या तळातून उपसून काढलं. आता उशीखाली घेऊन झोपते. शेवटची पानं शिवलेली का, असं तिने विचारलं, आणि मी मूर्खासारखं सगळं सांगून बसले. इतवारीतल्या कापडाच्या दुकानातून सुटलात की तुम्ही जुन्या पुस्तकांच्या चादरीपाशी उकिडवे बसायचे, मी शेजारी. तुमची निवड एकच, आधी शेवट वाचायचा. भूत खरंच भूत निघालं की पुस्तक परत चादरीवर. भुताच्या सोंगात मुनीम निघाला, सावत्र काका निघाला, की ते आपलं. पुस्तकवाला वैतागायचा, शेवट इथेच वाचता तर विकत कशाला घेता म्हणायचा. तुम्ही म्हणायचे, "पोरीसाठी घेतो ना गा. माणूस निघाला तं त्याले धरता येते. भुताले कोण धरंल?" मग घरी येऊन शेवटची पानं शिवायची, दुकानातल्या गठ्ठ्यासारखी घट्ट. माझा संशय कोणावर ते सांगितल्याशिवाय धागा तुटायचा नाही. दुसरीतच मला शाळेतून काढलं. वाचायला मी अशी शिकले, भीतभीत, पुढे काय झालं या हावेपायी.

हे शेवटचं पुस्तक मात्र तुम्ही त्या गाठीच्या तापाच्या, प्लेगच्या दिवसांत आणलं. शहर ओस पडलेलं, आम्ही सगळे बाहेर संत्र्याच्या बागेत झोपड्या घालून राहिलेलो, आणि तुम्ही मालकाचं दुकान राखायला गावातच. मी धावत येते तर तुम्ही लांबूनच हात वर करता. पुस्तक धुऱ्यावर, बागेच्या बांधावर ठेवता आणि मागे सरकता. "जवळ नको येऊ वं. चोर कोण, ते येत्या रविवारी सांगजो." तुमचे डोळे लाल आहेत, आणि मला वाटतं उन्हाने. रविवारी मी सकाळपासून धुऱ्यावर उभी होते. तुमच्याऐवजी दुकानातला गडी आला, आईशी बोलला, आणि आई मटकन खाली बसली.

तेव्हापासून धागा तसाच आहे.

आता दुपारी मी पोरीला वाचून दाखवते, अक्षराला अक्षर जोडत. गोष्टीत बंद खोलीतून पैंजण वाजतात, दार उघडलं तर आत कोणी नाही. पोरगी चादर हनुवटीपर्यंत ओढते आणि डोळे चमकवते. मी चिडले. म्हटलं, अंगात ताप, आणि हे ऐकायची हौस काहून? ती म्हणाली, "या भीतीले शेवट असते, आई. तुम्ही माह्या खाटेपाशी कुजबुजून राहता नं, त्याले शेवटच नाही." मग आपणच हसली. "आजोबानं निवडलं म्हणजे माणूसच निघंल. तू उगाच भेते."

तिथेच तर माझं पाणी पाणी होतं. तिचा सगळा भरवसा तुमच्यावर. पण त्या दिवसांत अर्धी दुकानं बंद, तुमच्या अंगात ताप, हात कापत असलेला. तेव्हा तुम्ही चादरीपाशी बसून शेवट वाचला होता का? की जे हाताला लागलं ते उचललं, आणि रोजची रीत म्हणून नुसतं शिवून टाकलं? आतून भूतच निघालं तर त्या जळत्या कपाळाच्या पोरीला मी काय सांगू? आधी आपण पाहून घ्यावं म्हणून काल तिचा डोळा लागल्यावर उशीखाली हात घातला. टाक्याला बोट लागलं आणि काढून घेतला. तिच्यासाठी भेते म्हणते मी, पण माझंच धाडस नाही. परवापासून तेच एक पान वाचून दाखवते आहे, पुढे जायला नको म्हणून. पोरीला कळलंय.

डॉक्टर रविवार म्हणतात. तीही रविवारीच धागा तोडायचा म्हणते. संशय कोणावर ते तिने ठरवून ठेवलं आहे, माझ्या कानात सांगणार आहे. हा कागद कोणत्या टपालपेटीत टाकतात मला माहीत नाही, म्हणून पुस्तकातच ठेवते, त्या टाक्यांच्या अलीकडे. तुम्ही मला रविवार दिला होता आणि आला नाहीत. मीही रविवारच देते. वाचून शिवलं होतं की नुसतंच शिवलं, एवढं त्याआधी सांगा.