सारूबाईनंतरचा प्याला

जालना, रविवार, १३ फेब्रुवारी १९३८

राग अजून उतरला नाही. आमच्या दवाखान्यातली झाडूवाली सारूबाई आज बाप्तिस्म्यानंतर पहिल्यांदाच प्रभुभोजनाला, सगळ्यांच्या एकाच प्याल्यातून द्राक्षरस घ्यायला, बसणार होती. पाळकसाहेबांचा उपदेश विपुल जीवनावर झाला. तो संपताच चर्चच्या पंचांची बायको, काकू, माझ्या कानाशी आली.

"सिस्टर, तू शिकलेली. जंतू असतात म्हंतेस ना? मंग सारूला येगळा प्याला दे, बराबर दिसंल."

चिमटे, सुया मी रोज वीस मिनिटं उकळते. जंतू मला काकूंनी शिकवायचे? मागच्या महिन्यात त्या स्वतः खोकत होत्या, तेव्हा हाच प्याला सगळ्यांत फिरला. तेव्हा जंतू कुठे होते?

"तुमच्या तोंडातही असतात, काकू."

"लईच शिकलीस गं बाई!"

सारूबाईनं ऐकलं. "राहू द्या सिस्टर, मी न्हाई घेत," म्हणत उठायला लागली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. प्याला हातोहात आला. ती प्यायली. तिच्यानंतर मी. मग काकू. त्यांनी पदरानं प्याल्याची कड पुसली आणि ओठ न लावताच तो पुढं दिला.

पाळकसाहेबांनी ते पाहिलं. मग डोळे मिटून सगळ्यांना आशीर्वाद दिला.