गप्प बसलेला वर्ग

प्रिय धाकटे,

आईचा फोन आला होता. तू धड जेवत नाहीस म्हणे. अगं, एक पाठ फसला म्हणून कोणी असं अंथरूण धरतं का? निवड समितीसमोर भल्याभल्यांची दातखीळ बसते. समोर अख्खी नववी ढिम्म बसली असताना तू निदान तास संपेपर्यंत बोलत तरी राहिलीस. मी मागच्या बाकावरून बघत होते. खडू मोडला, आवाज चिरकला, तरी तू आपली प्रश्न विचारतेच आहेस.

मी या धंद्यात हौसेने आले नाही. बाबा गेले, घरात कमावणारं कोणी नव्हतं आणि शाळेत जागा होती. पहिल्या वर्षी पोरांनी मला पळता भुई थोडी केली. मग शिकले. पहिल्याच दिवशी एकाला वर्गाबाहेर उभं करायचं, प्रश्न आपणच विचारायचा, उत्तरही आपणच सांगून मोकळं व्हायचं. प्रशिक्षणात डुलक्या काढत प्रमाणपत्रं जमवली, पगार वाढला, पर्यवेक्षिका झाले. संध्याकाळच्या शिकवण्यांवर तुझी कॉलेजची फी निघाली. हे उपकार म्हणून सांगत नाही. बरं, सांगते. उपकारच आहेत.

आणि तू? बँकेतली नोकरी सोडून माझ्याच शाळेत अर्ज केलास! माझी कंबर धरली तेव्हा आठवडाभर माझी नववी घेतलीस. मी परत आले तर पोरं फळ्यापाशी भांडत होती, तेही भूमितीवरून. ज्याला मी वर्षभर ठोंब्या म्हटलं, तो मलाच प्रमेय समजावायला लागला. एका मुलीने विचारलं, त्या बाई परत कधी येणार? त्या दिवशी मला डबा गेला नाही.

म्हणून पाठाच्या आधी मी वर्गाला बजावलं होतं. बाईंनी काहीही विचारलं तरी तोंड उघडायचं नाही, ही त्यांची परीक्षा आहे, तुम्ही मदत केलीत तर त्या नापास होतील. बिचारी पोरं. तुझ्यावरच्या मायेपोटी गप्प बसली.

तू उद्या हेडसरांकडे आणखी एक संधी मागायला येणार आहेस, असं आई म्हणाली. त्यासाठीच हे पत्र. येऊ नकोस. मुक्या वर्गापुढे न डगमगणारी बाईच आम्हाला हवी, तिला कळवा, असं हेडसरांनी मला पाठ संपल्या संपल्याच सांगितलं होतं. मी म्हटलं, ती बँकेत परत चालली. हे पत्र त्यांना दाखवायचं असेल तर खुशाल दाखव. मात्र तू आणि आई राहता त्या घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो, तो मग तू भर. आणि तुला शिकवता येत नाही असं समजून रडू नकोस. येतं. माझ्याहून कितीतरी छान येतं, आणि ते रोज डोळ्यांनी बघत निवृत्त व्हायची माझी तयारी नाही. तुझ्या जागी नवीन बाई सोमवारी रुजू होतायत. त्यांचाही पाठ मी पाहिला. अगदीच सुमार आहेत. आमचं छान जमेल.

अजूनही तुझीच,
ताई